पेठ वसवण्याचे शास्त्र : ऑनलाइन बाजारपेठेच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत घर बांधतात, पूल बांधतात, धरणही बांधतात. पेठ मात्र वसवतात. या एका क्रियापदात आपल्या विषयाचे निम्मे सार आले आहे. गाळे उभे राहिले, रस्ता आखला, वेशीवर पाटी लागली, तरी पेठ झाली असे कुणी म्हणत नाही. कापडवाला येतो, त्याच्या शेजारी शिंपी येतो, पलीकडे सराफ येतो, पहिला पावसाळा काढूनही ते तिथेच राहतात आणि पुढच्या दसऱ्याला जास्त माल भरतात, तेव्हा लोक म्हणतात, पेठ वसली.

मराठेशाहीतल्या कारभाऱ्यांना हे नीट ठाऊक होते. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना आधी कौल दिला जाई : या, दुकान मांडा, अमुक वर्षे तुमच्याकडून कर घेणार नाही किंवा कमी घेऊ. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. बाहेरगावच्या उदम्यांना समजावून आणणे, त्यांना जागा लावून देणे, पेठेच्या व्यवहारावर नजर ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असत. पुण्याची शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी पेशवाईत वसवली, ती याच परंपरेत.

आज हेच काम मोबाइलच्या पडद्यावर चालते. कुणीतरी संकेतस्थळ किंवा अ‍ॅप उभारतो, विक्रेत्यांना बोलावतो, त्यांची नोंदणी करून घेतो, त्यांचा माल मांडतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतो. या व्यवहाराला ‘सेलर ऑनबोर्डिंग’ असे नाव रूढ झाले आहे. नावावरून ते अर्ज भरून घेण्याचे काम वाटते, आणि तसे वाटल्यामुळेच अनेक नव्या बाजारपेठा ओस पडतात. ऑनलाइन बाजारपेठसुद्धा वसवावी लागते, आणि ती वसते विक्रेत्याच्या पायावर, हा या पुस्तकाचा मुख्य विचार आहे. या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. ज्या प्रश्नांभोवती ही अभ्यासशाखा उभी आहे, त्यांची ओळख इथे करून देत आहे.

दुकान आणि पेठ

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. दुकानदार स्वतः माल विकत घेतो आणि विकतो. माल पडून राहिला तर तोटा त्याचा. पेठेचा मालक जागा देतो, नियम घालतो, तंटे मिटवतो आणि व्यवहारातला हिस्सा घेतो. माल दुसऱ्याचा असतो. ऑनलाइन जगात हे दोन प्रकार दिसायला सारखे दिसतात, कारण गिऱ्हाइकाला दोन्हीकडे एकच पडदा दिसतो. अ‍ॅमेझॉन १९९४ मध्ये स्थापन झाली ती दुकान म्हणून. इतर विक्रेत्यांसाठी तिने आपली जागा खुली केली २००० मध्ये. फ्लिपकार्टचा प्रवासही असाच : २००७ मध्ये पुस्तकांचे दुकान, २०१३ मध्ये बाजारपेठ. ईबे मात्र पहिल्या दिवसापासून पेठच होती. १९९५ मध्ये पिएर ओमिडियार यांनी ती सुरू केली, आणि तिथे पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. किंमत आली १४.८३ डॉलर. मोडक्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असते, फक्त दोघांची गाठ पडायला हवी, हे त्या विक्रीने दाखवले.

पण गाठ कशी पडावी? विक्रेते नसतील तर गिऱ्हाईक फिरकत नाही आणि गिऱ्हाईक नसेल तर विक्रेता पथारी पसरत नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, असे हे जुने कोडे आहे. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मधल्या निबंधात या ‘द्विपक्षी’ बाजाराची गणिती मांडणी केली. अशा बाजारात एकूण शुल्क किती, याइतकेच ते कोणत्या बाजूकडून किती घ्यायचे हेही महत्त्वाचे असते, असे त्यांनी दाखवले. ज्या बाजूच्या येण्याने दुसरी बाजू ओढली जाते, तिच्याकडून कमी घ्यावे, प्रसंगी काहीच घेऊ नये. तिरोल यांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचे सूत्र वाचताना मला नेहमी कौलनाम्याची आठवण येते. करमाफी देणाऱ्या कारभाऱ्याने समीकरण मांडले नव्हते, पण आधी कुणाला आणायचे आणि त्यासाठी काय सोडायचे, हे त्याने ओळखले होते.

तांदळातले खडे

दुसरा प्रश्न विश्वासाचा. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजार सोडतो. मग मागे वाईट गाड्याच उरतात आणि किंमत आणखी घसरते. या निबंधासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की अ‍ॅकरलॉफ १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात राहून गेले होते आणि त्या निबंधात भारतीय बाजारातले तांदूळ आले आहेत. मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारख्याच रंगाचे आणि आकाराचे खडे गृहिणीला निवडावे लागतात, हे त्यांनी नोंदवले आहे. सुपात तांदूळ निवडत बसलेली आपली आजी एका मोठ्या आर्थिक प्रश्नाची रोजची किंमत मोजत होती.

पडद्यावर सूपही नाही. माल हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही, विकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तेव्हा खडे निवडायचे कुणी? ईबेने १९९६ मध्ये यावर पहिले मोठे उत्तर दिले : घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांविषयी चार शब्द लिहावेत आणि ते सर्वांना दिसावेत. मराठीत या गोष्टीला जुना आणि नेमका शब्द आहे, पत. गावात पत घराण्यावरून, शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून, तीन पिढ्यांच्या हुंड्यांवरून ठरे. पडद्यावर ती अनोळखी माणसांच्या अभिप्रायांवरून ठरू लागली.

चीनमधला अनुभव इथे फार बोलका आहे. २००३ मध्ये ईबेने तिथली ईचनेट ही कंपनी पूर्ण ताब्यात घेतली. त्याच वर्षी अलिबाबाने ताओबाओ सुरू केले. ताओबाओने विक्रेत्यांकडून माल मांडण्याचे शुल्क घेतले नाही. विकणारा आणि घेणारा थेट बोलू शकतील अशी सोय केली, कारण घासाघीस केल्याशिवाय तिथल्या माणसाला सौदा झाल्यासारखे वाटत नाही. आणि अलिपेच्या रूपाने पैसे मध्यस्थाकडे ठेवण्याची व्यवस्था आणली : माल हाती पडून पसंत पडला की मगच विक्रेत्याला रक्कम मिळे. घेणाऱ्याची भीती आणि विकणाऱ्याची अडचण या दोन्हींचा विचार तिथे एकत्र झाला होता. २००६ अखेर ईबेने आपले चीनमधले संकेतस्थळ बंद केले. भारतात हीच भीती कॅश ऑन डिलिव्हरीने कमी केली, पण तिचा भार विक्रेत्यावर पडला. गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठवले की जाण्यायेण्याचा खर्च अंगावर येतो आणि माल आठवडाभर वाटेत अडकतो. एका बाजूची भीती दूर करताना दुसऱ्या बाजूवर किती ओझे येते, हे मोजणे आपल्या शास्त्राचे रोजचे काम आहे.

पापडाचे वजन

सिद्धान्त इथवर आणतात. पुढचे मी एका गावात शिकलो.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बायकांबरोबर मी दोन दिवस ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलो होतो. उडदाचे पापड, सांडगे, शेवया, कांदा-लसूण मसाला असा त्यांचा माल, आणि तालुक्याच्या बाजारात त्याला नाव होते. तो एका ऑनलाइन बाजारात मांडायचा होता. पहिला अडथळा ओटीपीचा. गटाच्या बँक खात्याला आधीच्या अध्यक्षांचा मोबाइल जोडलेला, आणि त्या माहेरी गेलेल्या, जिथे रेंज नव्हती. संध्याकाळी त्यांचा फोन आला, तोवर नंबराची मुदत संपली होती. दुसरा अडथळा नावाचा : खाते गटाच्या नावावर, पॅन कार्ड एकीच्या नावावर, अर्ज परत आला. तिसरा फोटोचा : पार्श्वभूमी पांढरीच हवी असा नियम, आणि पांढऱ्या कागदावर पापड दिसेना.

मग अर्जात खोक्याची लांबी, रुंदी, उंची विचारली होती. ती भरताना एका बाईंनी विचारले, “दादा, पापड तर हलका. मग कुरिअरवाला पैसे कशाचे घेतो?”

मी कागदावर हिशेब मांडला. बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि ५००० ने भागायचे. पापड मोडू नयेत म्हणून तीस बाय तीस बाय पंधराचे खोके घेतले तर उत्तर येते २.७ किलो. आत पापड अर्धा किलो. त्या बाईंनी खोके हातात फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, “मग एका खोक्यात चार पाकिटं घालून विकू या. नाहीतर आम्ही हवाच पाठवतोय.”

मालाची मांडणी, किमतीची रचना आणि पुरवठ्याचा खर्च यांचा संबंध दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला पुढे कुठल्या ग्रंथात सापडले नाही. त्या बाईंना व्यापार शिकवायची गरज नव्हती. हवा होता त्यांच्या शेजारी बसणारा माणूस, आणि त्यांच्या मालाला सामावून घेईल असा अर्ज.

शेजारी बसण्याचे हे काम मोठ्या कंपन्यांनाही टाळता आले नाही. अ‍ॅमेझॉनने भारतात चहाची गाडी घेऊन बाजारपेठा पालथ्या घातल्या. दुकानदाराला चहा द्यायचा आणि त्याच्याच ओट्यावर ऑनलाइन विक्री समजावून सांगायची. २०१६ मध्ये त्यांनी ‘तात्काळ’ नावाची फिरती गाडी काढली, तिथे नोंदणी, फोटो आणि कॅटलॉग जागेवरच होई. माल नव्हे, मुक्काम विकणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन यजमानांच्या घरांचे फोटो स्वतः काढून आले. सुरुवातीचे विक्रेते एकेक करून, हाताला धरून आणावे लागतात. शेटे-महाजनांचे काम यंत्रावर सोपवता येते, पण ते फार पुढच्या टप्प्यावर.

कॅटलॉग म्हणजे भाषांतर

अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांनीही पुस्तकांपासून सुरुवात केली, यामागे कारण आहे. पुस्तकाला आयएसबीएन असतो. एकाच आवृत्तीची कुठलीही प्रत सारखीच. ते नासत नाही, पायाला बसते की नाही हा प्रश्न येत नाही. आता कोल्हापुरी चप्पल घ्या. तिला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ती हाताने होते, वापरता वापरता पायाच्या आकाराला येते, आणि एका कारागिराचा आठ नंबर दुसऱ्याच्या आठ नंबराशी तंतोतंत जुळेलच असे नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तो पेटीवर आणि डझनावर विकला जातो, फळ किती ग्रॅमचे यावर पेटीचा भाव ठरतो, आणि आज पाठवलेला आंबा चार दिवसांनी कसा असेल हे बागायतदार अढी पाहून सांगतो. हे ज्ञान अर्जातल्या चौकटींत कसे उतरवायचे?

म्हणून कॅटलॉग तयार करणे हे भाषांतराचे काम आहे असे मी मानतो. विक्रेत्याच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट अनोळखी गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा शब्दांत आणि मापांत आणायची. भाषांतर चुकले की माल परत येतो. चप्पल परत आली की आपण विक्रेत्याला दोष देतो, पण अनेकदा दोष त्या चौकटीचा असतो, जिने पायाची लांबी विचारली आणि रुंदी विचारलीच नाही.

भवानी

बाजारात पथारी मांडणारा विक्रेता दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो. भवानीचे पैसे तो कपाळाला लावतो, आणि भवानी होण्यासाठी थोडी खोटही खातो. ऑनलाइन बाजारात ती तितकीच निर्णायक आहे. नव्या विक्रेत्याकडे अभिप्राय नाहीत, म्हणून शोधयादीत तो खाली. खाली म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून अभिप्राय नाहीत. जितक्या लवकर त्याची भवानी होईल, तितका तो टिकण्याचा संभव जास्त. नोंदणीचे आकडे मिरवणाऱ्या बाजारपेठेला मी नेहमी पुढचा प्रश्न विचारतो : यांतल्या किती जणांची भवानी झाली? त्यानंतर तीन टप्पे येतात : पहिले पेमेंट, पहिला परत आलेला माल आणि पहिली तक्रार. पैसे ठरल्या दिवशी आले, परत आलेल्या मालाचा हिशेब समजेल अशा भाषेत मिळाला आणि तक्रारीला माणसाने उत्तर दिले, तर विक्रेता वसला. यांतले एक जरी हुकले तरी त्याचे पान पडद्यावर राहते आणि तो मनाने निघून गेलेला असतो.

कायद्याची चौकट

आपल्याकडे या क्षेत्राचा अभ्यास कायद्याला वगळून करता येत नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठेला स्वतःच्या मालकीचा माल ठेवता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम अधिक कडक झाले. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते, आणि यादीत कोणाला वर दाखवायचे हे कशावरून ठरते, तेही गिऱ्हाइकाला सांगावे लागते. बाजाराचा मालक विक्रेत्याच्या कृत्याला कितपत जबाबदार, हा प्रश्न तर २००४ मध्येच तीव्रतेने पुढे आला होता. मुंबईत सुरू झालेल्या बाझी डॉट कॉमवर कुणीतरी एक आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीला ठेवली आणि कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. त्यानंतर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या मध्यस्थाच्या जबाबदारीच्या कलमात दुरुस्ती झाली. विक्रेत्याची पडताळणी का करायची, याचे उत्तर त्या इतिहासात आहे.

सर्वांत खोल परिणाम मात्र जीएसटीचा झाला. २०१७ नंतर ऑनलाइन माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची होती, मग उलाढाल कितीही लहान असो. तोच माल समोरच्या बाजारात विकला तर ती सक्ती नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालचे लहान विक्रेते आपल्या राज्यापुरता माल नोंदणीशिवाय, केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन विकू शकतात. पापडवाल्या बाईंसाठी दार उघडले ते या बदलाने. राज्याच्या सीमेवर ते अजून अडते, आणि कर्नाटकातल्या निपाणीचे गिऱ्हाईक महाराष्ट्रातल्या कागलहून हाकेच्या अंतरावर असूनही दूर राहते.

पेठ कुणाची?

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा. पेठ वसते तोवर मालक विक्रेत्याला जपतो. ती भरली की कमिशन वाढते, जाहिरातीशिवाय माल दिसेनासा होतो, नियम एका ईमेलने बदलतात. दहा वर्षे खपून कमावलेली पत विक्रेत्याला दुसऱ्या बाजारात नेता येत नाही. कौलाची मुदत संपल्यावर कर लागणारच, हे व्यापाऱ्याला आधी माहीत असे. कारण मुदत कागदावर लिहिलेली होती. आजच्या बाजारपेठांनीही आपल्या विक्रेत्याला असा लेखी आणि स्थिर कौल द्यावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

या प्रश्नाला वेगळ्या दिशेने भिडणारा प्रयोग भारतात चालू आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोइमतूर येथे तिची चाचणी सुरू झाली. विक्रेत्याने एका अ‍ॅपवर माल मांडावा आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्याच अ‍ॅपवरून तो घ्यावा, अशी ही रचना आहे. एकाच मालकाच्या पेठेऐवजी सर्व पेठांना जोडणारा सार्वजनिक रस्ता बांधण्याची ही कल्पना आहे. पण रस्ता बांधता येतो; त्याच्या कडेला दुकाने वसवावीच लागतात. तिथेही कुणीतरी पापडाचे खोके मोजायला बसावे लागते.

वाचकाला

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहे, नव्या बाजारपेठा उभारणाऱ्यांसाठी आहे, आणि बचत गट, शेतकरी कंपन्या, कारागिरांच्या संस्था यांना ऑनलाइन आणणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तर आहेच. इथे अर्थशास्त्र, कायदा, पुरवठ्याचे गणित आणि माणसांशी बोलण्याची कला एकत्र येतात. यांतले एकच येत असले तरी संकोच बाळगू नका. बाकीचे वाटेत जमते.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या भागातल्या आठवडी बाजाराला सकाळी लवकर जा. पथारी मांडणाऱ्या एखाद्या बाईंच्या शेजारी, त्यांची परवानगी घेऊन, दुपारपर्यंत बसा. त्या माल कसा रचतात, कोणता ढीग पुढे ठेवतात, अनोळखी गिऱ्हाइकाला काय सांगतात आणि नेहमीच्याला काय, उधार कुणाला देतात, भवानी होईतो काय सोसतात, ते पाहा आणि लिहून ठेवा. मग घरी येऊन कुठल्याही ऑनलाइन बाजाराचा विक्रेत्यासाठीचा अर्ज उघडा आणि त्या बाईंच्या वतीने भरायला घ्या. जिथे तुमचा हात थांबेल, तिथून तुमचा अभ्यास सुरू होईल.